काटा चाळीसवर, स्कॅनर शून्यावर: एका टॅक्सीच्या स्पीड सिग्नलचं प्रकरण

गाडी पिवळ्या पाटीची सात आसनी पेट्रोल टॅक्सी. पाच गिअर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनाला हवा सोडणारी झडप), एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मालक गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले, गाडी स्वतःच चालवतात. मोपा विमानतळावरून भाडं घेऊन कळंगुट-कांदोळीला जायचं, तिथून काही मिळालं तर परत, असा त्यांचा धंदा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि गाडीच्या तक्रारी तीन होत्या. चेक लाइट लागतो. वेग कमी करत गतिरोधकापाशी आलं आणि क्लच दाबला की इंजिन कधीकधी बंद पडतं. तिसरी तक्रार सगळ्यांत वाईट: पंचेचाळीस-पन्नासच्या वेगातच स्पीड गव्हर्नर (गाडीचा वेग ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं खोकं) पीं-पीं करायला लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असूनही गाडी दम सोडते. पर्वरीच्या चढावर मागे ट्रक असताना हे झालं, तेव्हा मात्र ते घाबरले.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन आली होती. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी०५०० कोड निघाला, आणि गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर बदलला गेला. मधे ऊन पडलं तोवर गाडी बरी चालली. पाऊस परतला तसा लाइटही परतला. मग सांगण्यात आलं की आता डॅशबोर्डवरचं स्पीडोमीटरचं मीटरच बदलावं लागेल.

"मेस्त्री, सेन्सर नवा आहे, बिल आहे माझ्याकडे," मालक म्हणाले. "मीटर बदललं तर किलोमीटर शून्यावर येणार. उद्या गाडी विकायला काढली तर कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?"

मीटर बदलण्याआधी अजून बरंच तपासायचं बाकी होतं, त्यामुळे तो विषय तिथेच थांबवला.

पी०५०० या कोडबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. गाडी चालते आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिनाच्या आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि लोडवरून दिसतं, पण वेगाचा सिग्नल पोचत नाही, एवढंच तो कोड सांगतो. सिग्नल का पोचत नाही याबद्दल तो गप्प असतो. सेन्सर मेलेला असेल, त्याचा प्लास्टिकचा गिअर झिजलेला असेल, कपलरमध्ये (तारांच्या प्लगमध्ये) पाणी असेल, अर्थिंगची तार सुटलेली असेल, तार तुटलेली असेल किंवा तिसऱ्याच कुठल्या यंत्राने ती तार खाली ओढून धरली असेल. पी०५०२ आला तर सर्किट लो आणि पी०५०३ आला तर सिग्नल अधूनमधून येणारा किंवा वेडावाकडा, असा थोडा जास्त इशारा तरी मिळतो. पी०५०० वाचून थेट सेन्सर मागवणं म्हणजे अंदाजाला पावती फाडणं.

कोडसोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणी साठवलेले आकडे, बघितला. आरपीएम २,६०० च्या आसपास, लोड निम्म्याहून जास्त, कूलंट ८८ अंश, वेग शून्य. म्हणजे गरम इंजिन, चढ किंवा ओव्हरटेक, आणि ईसीयूच्या लेखी गाडी उभी. इंजिन बंद पडण्याचं कोडंही इथेच सुटतं. गाडी धावत असताना ॲक्सिलरेटर सोडला तर इंधन कधी तोडायचं, कधी परत सुरू करायचं आणि थांबत येताना आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालायचा वेग) किती उचलून धरायचं, हे ईसीयू वेग बघून ठरवतो. वेग चुकीचा कळला की हा हिशोब चुकतो आणि क्लच दाबताच इंजिन खाली बसतं. अशा तक्रारीवर थ्रॉटल बॉडी साफ करून देणारे पुष्कळ आहेत. साफ करायला हरकत नाही, पण हा आजार त्याने जात नाही.

रस्त्यावरची चाचणी

पाऊस भुरभुरत असतानाच गाडी बाहेर काढली. म्हापशाहून गिरीचा सपाट रस्ता, पुढे पर्वरी. मालक स्टिअरिंगवर, मी बाजूला स्कॅनर घेऊन. स्कॅनरवर वेग, आरपीएम, लोड आणि थ्रॉटल एवढंच ठेवलं. सगळीच यादी उघडली तर जुन्या गाड्यांचा डेटा इतका सावकाश ताजा होतो की अर्ध्या सेकंदाची दांडी दिसतच नाही. खऱ्या वेगासाठी फोनवर जीपीएस लावला होता.

गिरीत तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला असताना, स्कॅनरवर वेग असा दिसला: ४६, ४७, ०, ०, ९१, ४४. आरपीएम त्या वेळात जवळपास हललाच नाही. क्लच सुटलेला असताना आरपीएम आणि वेग यांचं नातं गिअरच्या दातांनी बांधलेलं असतं, त्यामुळे ९१ हा आकडा खोटा हे सांगायला जीपीएसचीही गरज नव्हती. त्या ९१ च्या क्षणाला गव्हर्नर ओरडला आणि थ्रॉटल खाली आला. त्याच्या समजुतीप्रमाणे गाडी ८० च्या वर गेली होती, तेव्हा त्याने आपलं काम चोख केलं.

थोडं पुढे जी गोष्ट दिसली, तिने अर्धं प्रकरण तिथेच मिटवलं. स्कॅनरवर वेग शून्य झाला आणि बराच वेळ शून्यच राहिला. डॅशबोर्डवरचा काटा मात्र चाळीसवर शांत होता. फोनही एकोणचाळीस-चाळीसच सांगत होता.

या गाडीत सेन्सर एकच आहे. त्याची एक तार मीटरला जाते आणि तीच ईसीयूला. काटा बरोबर चालतो, याचा अर्थ सेन्सर फिरतो आहे, त्याचा गिअर शाबूत आहे, त्याला सप्लाय आहे आणि तो पल्स, म्हणजे विजेचे ठोके, देतो आहे. मीटरही त्या पल्स वाचतं आहे. म्हणजे जो भाग बदलून झाला तो, आणि जो बदलायला सांगितला तो, असे दोन्ही एका झटक्यात संशयाबाहेर गेले. हे बघायला कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही, काटा आणि स्कॅनर एकाच वेळी बघणारी दोन माणसं लागली. आधीच्या गॅरेजात गाडी बहुधा उभ्यानेच तपासली गेली असावी.

एक खुलासा: ही युक्ती एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांना लागू पडत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचं झालं. अशा गाड्यांत वेग बहुतेक वेळा चाकांवरच्या सेन्सरांतून एबीएस मोड्यूलला आणि तिथून कॅन लाइनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर) सगळ्यांना मिळतो, गिअरबॉक्सवर सेन्सरच नसतो. तिथे पी०५०० आला तर आधी एबीएसचे कोड वाचावेत.

तारेवर काय दिसलं

हा सेन्सर हॉल इफेक्टचा (चुंबक जवळून गेला की कळणारा), तीन तारांचा: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. पुष्कळांचा समज असतो की सेन्सर सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज पाठवतो. अशा बहुतेक सेन्सरांत तसं नसतं. व्होल्टेज मीटर किंवा ईसीयू आतल्या रेझिस्टरमधून तारेवर ठेवतो, आणि सेन्सर ती तार फक्त अर्थला टेकवतो नि सोडतो. टेकवली की शून्य, सोडली की पाच व्होल्ट. या गाडीत हे पाच व्होल्ट मीटरकडून येतात.

म्हणून पहिलं माप सेन्सरचा कपलर काढून, चावी ऑन ठेवून घ्यायचं. सप्लायच्या पिनवर १२.३ व्होल्ट आले, ठीक. अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.०२, तेही ठीक. सिग्नलच्या पिनवर ५ च्या जवळ हवे होते, आले २.९. सेन्सर तर काढून बाजूला ठेवलेला. तरीही तार कोणीतरी खाली ओढत होतं.

इथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये, हे नव्या पोरांना मी ओरडून सांगतो. बल्ब जेवढा करंट खेचतो तेवढा ही तार देऊच शकत नाही. काहीच कळत नाही, आणि चालू सेन्सरला लावला तर सेन्सर जायची भीती वेगळीच. मल्टीमीटरच वापरावा.

कपलर परत जोडला, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली आणि गाडी गिअरमध्ये चालवून स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. चौकोनी लाट स्वच्छ होती, तळ ०.२ व्होल्टवर. शिखर मात्र तीनच्या आगेमागे लटकलेलं, आणि इग्निशनच्या ठिणग्यांमुळे उठणारे व्होल्टेजचे काटे बरोबर त्या शिखरावर येऊन बसलेले. ईसीयूला वरची पातळी ओळखायला साधारण तीनच्या वर लागत होती, मीटर त्याहून कमीवर भागवून घेत होतं. शिखर थोडं खाली गेलं की ईसीयूला एकही पल्स दिसत नाही, म्हणून शून्य. नेमकं सीमेवर असलं की इग्निशनचा प्रत्येक काटा ती सीमा ओलांडतो आणि एका पल्सच्या जागी दोन मोजल्या जातात, म्हणून ९१. तिन्ही तक्रारी एकाच कमी पडलेल्या दोन व्होल्टच्या होत्या.

फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टीमीटर असेल तर एक हिशोब हाताशी ठेवावा. जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांत ताशी ६० किलोमीटरला स्पीडोमीटरचा शाफ्ट मिनिटाला ६३७ फेरे घेतो. केबलच्या मीटरांच्या काळापासून चालत आलेलं हे माप आहे. फेऱ्याला चार पल्स धरल्या तर किलोमीटरला २,५४८ होतात, म्हणजे साधारण दर ३९ सेंटिमीटरला एक. ६० ला ४२.५ हर्ट्झ, ४० ला २८. आमचा सेन्सर ४० ला २८ च देत होता. आणि एकच चाक उचलून ही चाचणी केली तर गोंधळ होतो. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक दुप्पट वेगाने फिरतं आणि सेन्सर चाकाच्या मानाने निम्माच वेग दाखवतो. दोन्ही चाकं उचला, नाहीतर हे लक्षात ठेवा.

आता तार कुठे ओढली जाते ते शोधायचं. या तारेला चार फाटे: सेन्सर, ईसीयू, मीटर आणि नंतर बसवलेला गव्हर्नर. सेन्सर पुन्हा सुटा केला. ईसीयूचा कपलर काढला, २.९ चे २.९ च राहिले. मग बॅटरी सोडवली, मीटरही सुटं केलं आणि सिग्नलची तार ते अर्थ असा रेझिस्टन्स मोजला. साडेसहा हजार ओहमच्या आसपास आला, पण आकडा एका जागी बसेना, सरकत राहिला. मल्टीमीटरची लाल-काळी टोकं अदलाबदल केली तर वेगळाच आकडा. साध्या रेझिस्टरमध्ये किंवा तारेला तार घासून झालेल्या शॉर्टमध्ये असं होत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांमुळे टोकं बदलल्यावर आकडा बदलू शकतो, पण तो असा रेंगाळत सरकत नाही. सरकणारा आकडा बघितला की मी ओल शोधायला लागतो.

उरला होता गव्हर्नरचा फाटा. टॅक्सींना ताशी ८० वर बांधलेला गव्हर्नर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११८व्या नियमाखाली लागतो. जानेवारी २०१८ मध्ये याच गव्हर्नरावरून गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी संप केला होता, ते इथे सगळ्यांना आठवत असेल. गव्हर्नर हवा की नको तो वाद वेगळा. माझी तक्रार तो बसवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. खोक्याला गाडीचा वेग कळावा लागतो, आणि तो घ्यायची सोपी जागा म्हणजे मीटरकडे जाणारी सिग्नलची तार. तिथलं आवरण सोलायचं, आपली तार गुंडाळायची, वर टेप मारायची, झालं काम. घाईत बसवलेल्या कितीतरी खोक्यांचे जॉइंट मी असेच बघितलेत.

खोक्याच्या कपलरला सील होतं. सील आम्ही तोडत नाही, कारण गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी ते मालकाच्या गळ्याशी येतं. त्यामुळे खोकं सुटं करून बघायचा सोपा रस्ता बंद होता. मग त्याच्या तारा धरून मागे मागे गेलो. स्टिअरिंगच्या वर, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) चिकटून, काळ्या कापडी टेपचा एक जाडसर गोळा मिळाला. बोटाने दाबला तर बोट ओलं झालं.

टेप लगेच उघडली नाही. आधी ईसीयू, मीटर आणि बॅटरी परत जोडली, सेन्सरचा कपलर काढलेलाच ठेवून सिग्नलच्या पिनवर मल्टीमीटर लावला, चावी ऑन केली, आणि हॉट एअर गन मंद ठेवून तो गोळा सुकवायला घेतला. २.९ चे ३.३ झाले, मग ३.८, सावकाश ४.६. सील जागेवर, खोकं जोडलेलं, बाकी कशाला हात लावलेला नाही. दोष खोक्याचा नाही, त्या जॉइंटचा आहे, याला आणखी पुरावा नको होता. मालक शेजारी उभे राहून आकडा चढताना बघत होते. "म्हणजे उन्हात बरी का चालते ते कळलं," एवढंच बोलले.

मग टेप उलगडली. सिग्नलची तार आणि अर्थची तार एकाच जागी, एकमेकींना खेटून सोललेल्या, दोन्हींवर गव्हर्नरच्या तारा नुसत्या पिळलेल्या. सोल्डरचा डाग नाही, दोन जॉइंटांमध्ये वेगळी टेप नाही, सगळं एका गुंडाळीत. तांब्यावर हिरवी पूड चढलेली आणि दोन्ही जॉइंटांच्या मधे हिरवट ओल्या क्षारांची सलग पट्टी. कोरडी असताना ती फारसं काही करत नव्हती. ओली झाली की पाच व्होल्टमधले दोन तिच्यातून अर्थला निघून जात होते. समुद्राकाठच्या हवेत पिळलेला जॉइंट टिकत नाही, आणि या गाडीच्या तर फेऱ्याच किनाऱ्यावरच्या.

प्रश्न राहिला तो पाणी फायरवॉलच्या आत आलं कुठून. वायपरखालच्या जाळीवर मगाने थोडं थोडं पाणी सोडलं. कपलर अजून काढलेलाच होता, मल्टीमीटर लावलेला. काही वेळाने तारा फायरवॉलमधून आत येतात त्या भोकातल्या रबरी ग्रोमेटच्या काठाने एक थेंब आत उतरला, तारांवरून ओघळत खाली आला आणि आकडा ४.६ वरून घसरायला लागला. जाळी काढली तर खाली फणसाची पानं, त्यांचा कुजून झालेला काळा चिखल, आणि पाणी वाहून जायची दोन्ही भोकं बुजलेली. गाडी घरी फणसाखाली उभी असते. साचलेलं पाणी चढत चढत ग्रोमेटपर्यंत पोचत होतं, आणि तो ग्रोमेट गव्हर्नरच्या तारा आत घेताना एका बाजूने कापून तसाच सोडलेला होता.

दुरुस्तीत नवा भाग म्हणावा असा काहीच लागला नाही. पानं काढून भोकं मोकळी केली, कापलेला ग्रोमेट बदलला. जॉइंटच्या दोन्ही बाजूंनी तार चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापली. हे महत्त्वाचं आहे, कारण काळपटपणा आवरणाच्या आतून बराच लांब गेलेला असतो आणि काळ्या तांब्याला डाग धरत नाही. नवा तुकडा घालून डाग दिले, आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून तारेला घट्ट बसणारी नळी) चढवली. सिग्नलचा आणि अर्थचा जॉइंट एकमेकांपासून चांगले वीतभर दूर ठेवले. तारांना खाली एक वळण दिलं, म्हणजे पाणी आलंच तर त्या वळणावरून खाली गळेल, जॉइंटपर्यंत जाणार नाही. गव्हर्नर जोडलेलाच ठेवला, सील जसंच्या तसं.

सिग्नलच्या पिनवर आता ४.९ मिळाले. जाळीवर पुन्हा पाणी ओतलं, या वेळी मगाने नाही, पाइपने. ४.९ चे ४.९. मग मुसळधार पावसातच तोच रस्ता, गिरी ते पर्वरी, चढासकट. स्कॅनर, काटा आणि फोन तिघांचं जमलं. काटा फोनपेक्षा किंचित जास्त दाखवत होता, तो तसाच दाखवायला हवा. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवणार नाही असाच बनवतात. पर्वरीच्या चढावर मालकांनी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये दाबून बघितली, गव्हर्नर गप्प. थांबत येताना आयडल नीट धरून राहिलं. कोड पुसले, आणि पुढे पाऊस असेपर्यंत परत आले नाहीत.

गव्हर्नर काढूनच टाकू का, असं त्यांनी जाता जाता विचारलंच. नको म्हटलं. कायद्याचं सोडा, पण खोक्याचा यात काही दोष नव्हता.

आधीच्या गॅरेजने काढलेला जुना सेन्सर ते पिशवीत घालून घेऊन आले होते. टेबलावर त्याला १२ व्होल्ट दिले, सिग्नलच्या तारेला रेझिस्टरमधून ५ व्होल्ट लावले आणि शाफ्ट बोटांनी फिरवला. फेऱ्याला चार पल्स, तळ शून्यापाशी, शिखर पूर्ण पाच. सेन्सर चांगला होता. तो आता त्यांच्या डिकीत स्पेअर म्हणून पडलेला आहे.